आयबीएम आय : प्रणाली परत येते, राहिलेल्यांचा हिशेब मात्र आपणच करायचा

आयबीएम आय ही आयबीएमच्या सर्व्हरवरील कार्यप्रणाली; टेपवरील प्रतीतून यंत्र पुन्हा उभे करणाऱ्या रिस्टोर मेनूतील पर्याय २१ हा तिच्या सर्वांत भरवशाच्या भागांपैकी एक आहे. वापरकर्ता प्रोफाइल, कॉन्फिगरेशन, लायब्ररी, दस्तऐवज, डिरेक्टरी आणि शेवटी खासगी अधिकार (वापरकर्त्यांना वैयक्तिकरीत्या दिलेले) हा क्रम तो स्वतःच पाळतो, त्यामुळे संकटाच्या वेळी कोणती आज्ञा आधी द्यायची याचा विचार करावा लागत नाही. या कामात त्याला पूर्ण गुण द्यावे लागतील. मात्र जे परत आले नाही त्याचा हिशेब देताना तो हात आखडता घेतो.

एखाद्या लायब्ररीतील काही ऑब्जेक्ट (प्रोग्राम, फाइल असे घटक) परत यायचे राहिले की जॉब लॉगमध्ये, म्हणजे त्या कामाच्या नोंदींत, सीपीएफ३७७३ हा संदेश येतो. किती आले आणि किती राहिले एवढेच तो सांगतो; कोणते राहिले आणि का, हे त्याच्या आधीच्या निदान-संदेशांत शोधावे लागते. शेकडो लायब्ररी असलेल्या यंत्रावर हा लॉग अतिशय लांब होतो, आणि लॉगची पातळी सविस्तर ठेवलेली नसेल तर हवा तो तपशील मिळतच नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच जॉबची लॉग पातळी वाढवावी. प्रणाली उभी राहिल्यावर, तोच जॉब चालू असताना, क्यूसिस२ या प्रणालीच्या लायब्ररीतील जॉबलॉग_इन्फो या एसक्यूएल फंक्शनने संदेश गाळून पाहता येतात. पडद्यामागून पडदा चाळण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुसह्य आहे.

राहण्याची कारणे एकसारखी नसतात, आणि खरी डोकेदुखी तिथेच आहे. फिजिकल फाइलमध्ये प्रत्यक्ष डेटा असतो, लॉजिकल फाइल ही त्याच डेटाची वेगळी मांडणी. ज्या फिजिकल फाइलवर लॉजिकल फाइल आधारलेली आहे ती दुसऱ्या लायब्ररीत असून अजून आलेली नसेल, तर लॉजिकल फाइल अडते. अशा परावलंबी ऑब्जेक्टसाठी डिफर आयडीची (पुढे ढकललेल्यांना दिलेल्या खुणेच्या नावाची) सोय आहे: ते बाजूला ठेवले जातात आणि नंतर आरएसटीडीएफआरओबीजे ही आज्ञा देऊन आणता येतात. ही सोय मला मनापासून आवडते. दुसरे कारण सुरक्षेचे: कोणते संवेदनशील ऑब्जेक्ट परत आणू द्यायचे हे ठरवणारे क्यूएएलडब्ल्यूओबीजेआरएसटी हे सिस्टम मूल्य (प्रणालीभर लागू असलेली सेटिंग) सुरक्षेसाठी कडक केलेले असेल, तर मालकाचा अधिकार घेऊन चालणारे प्रोग्रामही नाकारले जाऊ शकतात. पूर्ण पुनर्स्थापनेपूर्वी ते शिथिल करून नंतर पूर्ववत करणे हाच उपाय. तिसरे कारण सर्वांत फसवे: ऑब्जेक्ट मुळात टेपवर गेलेलाच नसतो. सेव्ह होताना तो दुसऱ्या जॉबने कुलूपबंद केलेला असेल, तर सेव्हच्या लॉगमधील सीपीएफ३७७१ हा संदेश त्याच वेळी ते सांगून जातो, परंतु रिस्टोरचा लॉग कितीही वाचला तरी त्याचा पत्ता लागत नाही, कारण रिस्टोरच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते.

त्यामुळे लॉगपेक्षा याद्यांची तुलना मला अधिक विश्वसनीय वाटते. सेव्हपूर्वी डीएसपीओबीजेडी आज्ञेने सर्व ऑब्जेक्टची यादी आउटफाइलमध्ये, म्हणजे आज्ञेचे फलित साठवणाऱ्या फाइलमध्ये, घ्यावी, तिची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवावी आणि पुनर्स्थापनेनंतर तशीच यादी घेऊन एक्सेप्शन जॉइन (पहिल्या यादीत असून दुसरीत नसलेल्या नोंदी काढणारी जोडणी) करावा. राहिलेली नावे समोर येतात. एवढे झाले तरी ऑब्जेक्टवरील अधिकार बरोबर आले का, हे मात्र यातून कळत नाही.

रिस्टोर मेनूत आज्ञांसाठी थांबून विचारण्याचा पर्याय आहे, तो होय करावा. मग प्रत्येक आज्ञा चालण्यापूर्वी पडद्यावर येते आणि तिचे फलित छापील यादीत मागता येते. हा पर्याय नवख्याच्या सहसा लक्षात येत नाही, ही आयबीएमच्या मांडणीतील उणीवच म्हणावी लागेल. डिरेक्टरींतील फाइलसाठी तर तो अधिकच आवश्यक आहे, कारण वरील ऑब्जेक्टयादीत त्या येत नाहीत.