लक्ष मोजणारा हेडबँड: गणिताच्या बाईंचा रिव्ह्यू (पाचपैकी दोन तारे)

अकरावी-बारावीचं गणित ऑनलाइन शिकवायचं म्हणजे कॅमेरे बंद, माइक बंद, आणि "कळलं का?" विचारलं की चॅटमध्ये "यस मॅम"ची रांग. "कोण किती लक्ष देतंय ते आकड्यात दिसेल," असं म्हणत एका विक्रेत्याने हा हेडबँड पुढे केला आणि मी घेतला. मुलांना लावण्याआधी इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला पकडलं.

वस्तू साधी आहे. कपाळाला टेकणारा एक कोरडा इलेक्ट्रोड, कानाच्या पाळीला क्लिप, ब्लूटूथ. मेंदूतला विद्युत संकेत कपाळापर्यंत येईतो जेमतेम मायक्रोव्होल्टच्या (व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या) घरात उरतो. त्यातून ॲप दर सेकंदाला 0 ते 100 मधला एक आकडा काढतं. कसा काढतं, ते माहितीपत्रकात नाही. या विषयातलं एक जुनं सूत्र मात्र उघड आहे: मेंदूच्या संकेतातल्या जलद लहरी म्हणजे बीटा, त्याहून संथ अल्फा, आणखी संथ थीटा; बीटाच्या ताकदीला अल्फा आणि थीटाच्या बेरजेने भागायचं. नासाच्या लँग्ली केंद्रातल्या संशोधकांनी 1995 साली ते मांडलं, तेही स्वयंचलित यंत्रणेवर नजर ठेवणाऱ्या माणसांसाठी. बारावीच्या पोरांसाठी नव्हे.

गोची बीटातच आहे. हा पट्टा साधारण 13 ते 30 हर्ट्झचा, आणि जबडा किंवा कपाळ आवळलं की स्नायूंचा संकेतही त्यातच घुसतो, तोही मेंदूच्या संकेताहून कितीतरी दांडगा. भाचा वहीत डेफिनिट इंटिग्रल सोडवत होता, ओठ मिटून, पेन्सिल दाबून; आकडा चाळिशीत घुटमळत होता. मग त्याने चिवड्याची वाटी ओढली. पहिल्याच घासाला आकडा नव्वदीपार! इंटिग्रल तसंच अर्धवट.

उलटंही होतं. डोळे मिटले की अल्फा लहरी वाढतात, हे हान्स बर्गरने 1929 पासूनच्या लेखांत दाखवलंय. म्हणजे डोळे मिटून त्रिकोणमितीची सूत्रं आठवणारी माझी हुशार मुलगी या सूत्राच्या हिशेबात "लक्ष नाही" आणि गालात च्युइंगम घोळवणारा गडी पहिल्या बाकावर. बरं, संकेत अगदी स्वच्छ मिळाला तरी मूल माझ्या गणितात रमलंय की दुसऱ्या टॅबवरच्या गेममध्ये, हे त्यातून कसं कळणार?

बाकी, तेल लावलेल्या कपाळावर इलेक्ट्रोड नीट टेकत नाही. क्लिप चावते, कानात कुडी असेल तर जास्तच.

2019 साली चीनमधल्या जिन्हुआच्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या डोक्यावर असेच बँड दिसले, त्यावर लक्षाप्रमाणे रंग बदलणारे दिवे. लोक भडकले आणि वापर थांबवावा लागला. युरोपीय संघात तर शाळेत शरीराच्या संकेतांवरून भावना ताडणाऱ्या एआयवर 2 फेब्रुवारी 2025 पासून बंदी आहे. अपवाद वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा.

मग दोन तारे कशाचे? एक कच्च्या लहरी स्क्रीनवर जिवंत दिसतात त्याचा: पापणी लवली की उंच टेकडी उठते, ते बघायला खरंच मजा येते. दुसरा बॅटरीचा. क्लाससाठी मी परत चॅटवरच आले आहे, फक्त आता "कळलं का?" विचारत नाही, पुढची पायरी लिहून पाठवायला सांगते. बँड भाच्याने कॉलेजच्या प्रोजेक्टला नेला. तुम्ही प्रयोगापुरता घेणार असाल तर कानाची क्लिप सुटी मिळते का, ते आधी विचारा. तिची वायर फार नाजूक आहे.