चालण्यासाठी उत्तम, चढाईसाठी अपुरी : नदीखोऱ्यातील मार्गदर्शित सहलीचा अनुभव

हिमनदीतून उगम पावणाऱ्या नदीच्या खोऱ्यात पदभ्रमण आणि प्रस्तरारोहण, असा तीन दिवसांचा कार्यक्रम मी नुकताच एका मार्गदर्शन संस्थेबरोबर पूर्ण केला. पदभ्रमणासाठी या संस्थेची शिफारस मी निःशंकपणे करेन. चढाईच्या दिवसाबद्दल मात्र माझ्या तक्रारी आहेत.

पहिल्या मुक्कामी तंबू नदीपासून बरेच वर लावले गेले. पाण्यासाठी दर वेळी उतरावे लागत असल्याने गटात कुरकुर झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठवल्यावर ती आणखी वाढली. बर्फ दिवसा उन्हाने वितळतो आणि ते पाणी खाली यायला काही तास लागतात. त्यामुळे अशी नदी दुपारनंतर फुगते आणि पहाटे सर्वांत उतरलेली असते, हे आमच्या मार्गदर्शकाने पात्राच्या काठावरच समजावले. समोरची अरुंद जागा आम्हा सर्वांना सोयीची वाटत होती. ती त्याने साफ नाकारली, कारण अरुंद पात्रात तेच पाणी अधिक खोल आणि वेगवान होते, आणि अर्धा तास चालवून नदी जिथे पसरट होऊन तीन-चार धारांत विभागली होती, तिथून आम्हाला पलीकडे नेले. खडकाच्या बारीक पिठीमुळे दुधट करडे झालेल्या त्या पाण्यात तळ दिसत नव्हता, म्हणून बूट पायांतच ठेवायचे होते. शिवाय पाय घसरलाच तर सॅक झटकन टाकून देता यावी यासाठी तिचे कमरेचे आणि छातीचे पट्टे आधीच सोडायला लावले होते. त्याच दिवशी सायंकाळी पलीकडच्या काठावरून तळाशी गडगडणाऱ्या धोंड्यांचा आवाज ऐकला आणि पहाटेची कुरकुर आठवून मी ओशाळलो.

तिसऱ्या दिवसाची चढाई कोरड्या, तिरकस कातळावर होती. सुरक्षेच्या सवयी चोख होत्या: प्रत्येक चढाईआधी हार्नेसचे (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांचे) बक्कल, दोराची गाठ आणि बिले उपकरण (खालच्या साथीदाराने दोर रोखून धरायचे साधन) दोघांनी एकमेकांचे तपासायचे, आणि खाली उतरवताना दोर संपून उपकरणातून निसटू नये म्हणून त्याच्या मोकळ्या टोकाला गाठ मारायची. परंतु आठ जणांत दोर दोनच होते. पत्रकात ‘संपूर्ण दिवस चढाई’ असे लिहिलेले असताना माझ्या वाट्याला तीन चढाया आल्या आणि उरलेला वेळ सावली शोधण्यात गेला. चढाईचे बूट मोजक्याच मापांचे होते, ही त्यामानाने किरकोळ बाब. मला दिलेल्या हेल्मेटच्या कवचाला तडा होता, ही मात्र नव्हे. दाखवताच ते बदलून मिळाले, पण असे हेल्मेट वाटपाच्या पेटीत असायलाच नको होते.

या संस्थेकडे पुन्हा जाईन तो चालण्यासाठी. चढाईसाठी नाव नोंदवायचे झाल्यास एका दोरामागे किती जण असतील, हे आधी लेखी विचारून घेईन.