जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानक: आठ महिने रोज ३३ मीटर खाली उतरल्यावर

माझ्या स्कूटरचं इंजिन बसलं तेव्हा गॅरेजवाल्याने आठ दिवस सांगितले आणि दीड महिना लावला. खर्चाचा आकडा तीनदा बदलला. तिसऱ्या वेळी मी गाडी तशीच टेम्पोत घालून घरी आणली आणि दुसऱ्या दिवसापासून आनंदनगर ते संत तुकारामनगर पुणे मेट्रोने जायला लागले. मध्ये जिल्हा न्यायालयाला गाडी बदलावी लागते. तिकीट, डबे, एसी यांबद्दल सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी फक्त या एका स्थानकाबद्दल लिहिते आहे.

पहिले दोन महिने मला ते अजिबात आवडलं नव्हतं. वनाझ-रामवाडीची गाडी तिथे डोक्यावरून जाते आणि पिंपरी-स्वारगेटची पायाखालून. म्हणजे आधी पुलावरून जमिनीवर यायचं आणि मग तेवढंच काय, त्याहून जास्त खाली जायचं. एक सरकता जिना संपला की दुसरा, तो संपला की आणखी एक. माझ्या घड्याळात एका फलाटावरून दुसऱ्यावर जायला पाच-सहा मिनिटं लागतात. शेवटच्या जिन्यावर असताना खालून दारं बंद होण्याची सूचना ऐकू आली की जीव नुसता तळमळतो. धावूनही उपयोग नसतो. सकाळी ऑफिसची वेळ गाठायची असताना ही सहा मिनिटं फार मोठी वाटतात. ३३.१ मीटर खोल, म्हणजे साधारण दहा मजली इमारत जमिनीत उलटी गाडली तर जेवढी जाईल तेवढं. दिल्लीचं हौज खास एवढं गाजतं, तेही २९ मीटरच. देशातल्या सर्वांत खोल स्थानकांत आपलं नाव यावं, या हौसेपायी एवढं खणलं, असं मी घरी सगळ्यांना सांगत होते.

ते माझं चुकलंच. एका शनिवारी आईला घेऊन मंडईला निघाले (शनिवार-रविवारी भाड्यात ३० टक्के सवलत मिळते, त्यामुळे भाजी आता मंडईतूनच आणतो). न्यायालयानंतर गाडी बोगद्यात शिरली आणि आईने विचारलं, "आत्ता आपण नदीखालून चाललोय का गं?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. न्यायालय आणि कसबा पेठ यांच्यामध्ये मुठा आहे. बोगदा नदीच्या तळाखालून न्यायचा तर मध्ये पुरेसा खडक शिल्लक ठेवावा लागतो. रस्ता जसा पुलाशी जाऊन एकदम चढतो तसं गाडीचं होत नाही, रूळ बऱ्याच आधीपासून थोडे थोडे खाली न्यावे लागतात. स्थानक वर आणि नदी ओलांडताना एकदम खाली, असं जमणारच नव्हतं. आणि नदी झाली की लगेच पेठा, जुने वाडे, एकमेकांच्या भिंतींना टेकून उभी असलेली घरं. त्यांच्या पायांना धक्का लागू द्यायचा नाही तर खोल जाणं भागच होतं. या बोगद्यांसाठी आणलेल्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना अशी नावं दिली होती. काळा पाषाण फोडत त्यांतली काही मुठेच्या खालून गेली.

स्थानकाची जागा पूर्वीच्या धान्य गोदामाची. १ ऑगस्ट २०२३ ला इथे गाड्या सुरू झाल्या तेव्हा नाव सिव्हिल कोर्ट होतं, आणि जिन्यावरची माणसं अजूनही तेच म्हणतात. त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ जांभळी मार्गिका, म्हणजे पिंपरी-स्वारगेटची, इथेच संपत होती. पुढचा स्वारगेटपर्यंतचा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. त्याचं उद्घाटन आधी २६ तारखेला ठरलं होतं, पावसाने ते पुढे गेलं.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. या स्थानकाचं छत असं केलं आहे की ऊन थेट खाली फलाटापर्यंत पोचतं. मी हे वाचलं होतं, पण सकाळी नऊला आणि संध्याकाळी सातला जाणाऱ्या माणसाला ते दिसणार कसं? एप्रिलमध्ये अर्ध्या दिवसाची रजा काढून दुपारी परतले तेव्हा पाहिलं. फरशीवर उन्हाचा एक कवडसा होता. दिव्यांच्या पांढऱ्या उजेडात तो वेगळा, पिवळसर उठून दिसत होता. धोतर-टोपीतले एक आजोबा कोर्टाची कागदपत्रं पिशवीत घालून त्याच्या कडेला उभे होते. कवडसा हळूहळू सरकून त्यांच्या चपलांवर आला. त्यांनी खाली पाहिलं, मग मान वर करून छताकडे पाहिलं आणि गाडी येईपर्यंत तसेच बघत राहिले. त्यांच्याबरोबर मीही. गाडी आली आणि गेली, मी चढलेच नाही.

पुण्याला हे नवं नाही, असं मला तेव्हापासून वाटतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं, त्या नळाला वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी तोंडं, ठेवली होती. आत हवा जावी, माणसाला उतरून साफसफाई करता यावी म्हणून. जमिनीखाली बांधलेल्या वास्तूला वरचं आभाळ लागतं, हे ते बांधणाऱ्यांना कळलं होतं. दुसऱ्या भुयारी स्थानकांत उतरलं की बाहेर पाऊस आहे की रात्र झाली हे कळत नाही. इथे दहा मजले खाली उभं राहून ढग आल्याचं कळतं. जून लागल्यावर तर मी रोज उतरताना आधी वर बघते.

सहा मिनिटांची तक्रार अजून कायम आहे. आईच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट आहे म्हणून बरं, तरी मी तिला घेऊन निघताना दहा मिनिटं जास्तीची धरते. नव्याने येणाऱ्यांनीही धरावीत. स्कूटर पार्किंगमध्ये आच्छादनाखाली पडून आहे, पेट्रोलचे पैसे वाचतात, आणि ती दुरुस्त करायचा विचार मी जवळजवळ सोडला आहे.

हिंजवडीची मार्गिकाही इथेच येऊन संपते. माणसं वाढतील तशी जागेची मागणी वाढेल, कुणाला स्टॉल हवा असेल, कुणाला फलक. वाटेल तिथे लावा, पण त्या छताखालची मधली मोकळी जागा तेवढी मोकळीच राहू द्या.