नववीच्या पोरांना एकाच पानावर लिहायला बसवायचंय: गूगल डॉक्स घ्यावं, इथरपॅड की आणखी काही?

गडहिंग्लजच्या एका शिक्षकमित्राचा परवा फोन आला. शाळेचं हस्तलिखित यंदा कॉम्प्युटरवर करायचं त्यांच्या मनात आहे. विषय पूर. चाळीस पोरं, लॅबमध्ये चालू अवस्थेतली अकरा मशीन, आणि इंटरनेट पाऊस बघून येणारं. "सगळी एकदमच लिहू शकतील असं काय काय आहे, आणि त्यातलं घ्यायचं कुठलं, तेवढं सांगा की सर." फोनवर मी तासभर बोललो, तरी त्यांचं समाधान झालं नाही. म्हणून हे लिहून काढलं. कोल्हापुरात आमच्या वर्गात गेली काही वर्षं हे प्रयोग चालू आहेत, त्यामुळे सांगतोय ते वापरून बघितलेलं.

आधी माझं मत सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्या माणसाला पुढचं वाचायला नको. शिक्षकांनी आपापसात काम करायचं असेल तर गूगल डॉक्स. पोरांना लिहायला शिकवायचं असेल तर इथरपॅड, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारं आणि सगळ्यांना एकदम लिहिता येणारं साधं पान, तेही लॅबमधल्याच एका मशीनवर बसवलेलं. हे दोन वेगळे धंदे आहेत. एकाच साधनानं दोन्ही करायला गेलात की दोन्हीकडे रखडता.

गूगल डॉक्स: सगळं आहे, पण खातं कुणाचं?

गूगलनं २००६ मध्ये रायटली हे साधन बनवणारी छोटी कंपनी घेतली, त्यातून हे उभं राहिलं. एकाच फाइलमध्ये एका वेळी शंभर जण लिहू शकतात, म्हणजे आपला वर्ग आरामात मावतो. बाजूला शेरे लिहिता येतात. 'सजेस्टिंग' चालू केलं की तुमची दुरुस्ती थेट मजकुरात न शिरता सूचना म्हणून उभी राहते, आणि मूळ लिहिणारा ती घेतो किंवा नाकारतो. तपासणीसाठी मला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही सापडलेलं नाही. लाल पेनानं खोडण्यापेक्षा पोरांनाही हे बरं वाटतं, कारण शेवटचा शब्द त्यांचा राहतो.

अडचण सुरू होते खात्यापाशी. कॉम्प्युटरवर लिंक उघडी ठेवली तर खात्याशिवायही लिहिता येतं. पण मग पडद्यावर पोरांच्या नावाऐवजी प्राण्यांची नावं दिसतात, आणि कुठला प्राणी कुठल्या बाकावर बसलाय ते शोधत हिंडावं लागतं. मोबाइलवर लिहायचं तर ॲप लागतं, ॲपला खातं लागतं, आणि नववीतल्या पोराच्या हातातला मोबाइल असतो वडिलांचा. आमच्याकडे एका पोरीचा फार सुंदर परिच्छेद तिच्या काकांच्या दुकानाच्या नावावर जमा झाला होता. पात्र शाळांना गूगलची शिक्षणासाठीची मोफत योजना मिळते आणि त्यात प्रत्येक पोराला शाळेचं खातं काढून देता येतं. मात्र ती खाती काढायची, पासवर्ड विसरले की बदलून द्यायचे, दहावी झाली की बंद करायची, हे सगळं कुणीतरी वर्षभर सांभाळायला हवं. तुमच्या शाळेत असं माणूस आहे का, हे आधी बघा. बहुतेक ठिकाणी ते माणूस म्हणजे तुम्हीच असता.

इथरपॅड: कोण काय लिहितंय ते रंगात दिसतं

दिसायला अगदी साधं. एक पांढरं पान, वर चार बटणं, बाजूला गप्पांची खिडकी. लिंक उघडा, नाव टाका, रंग निवडा, लिहायला लागा. खातं नाही, पासवर्ड नाही. प्रत्येकाचं लिखाण त्याच्या त्याच्या रंगाच्या पट्टीवर उमटतं. परिच्छेदात पाच रंग दिसले की पाच जणांनी काम केलंय, एकच दिसला की बाकीचे चौघं खिडकीबाहेर बघत होते. गटकार्याचे गुण देताना शिक्षकाला याहून जास्त काय पाहिजे?

पण माझ्या मते यातली खरी चीज म्हणजे टाइमस्लायडर. पट्टीवरचं बटण मागे ओढायचं, की पान पहिल्या अक्षरापासून पुन्हा लिहिलं जाताना दिसतं. एक उदाहरण सांगतो. एका गटात एकानं लिहिलं, 'राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांवर गेलं की इशारा देतात.' दुसऱ्यानं ४३ खोडून ३९ केलं. पहिल्यानं परत ४३ केलं. असं तीनदा झालं. मग तिसरी एक पोरगी मधे आली आणि तिनं वाक्यच फोडलं: '३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका.' शिक्षक म्हणून मला ते शेवटचं वाक्य हवं होतं, हे तर खरंच. पण त्याहून जास्त हवं होतं ते त्याच्या आधीचं भांडण. दुसऱ्या दिवशी मी तेच वर्गाला पडद्यावर दाखवलं. खोडाखोड म्हणजे चूक नाही, विचार आहे, हे मी दहा वर्षं तोंडानं सांगत होतो. ते त्या दिवशी पोरांना डोळ्यांनी दिसलं.

गूगल डॉक्समध्येही व्हर्जन हिस्ट्री आहेच. तिथे एका क्लिकवर जुनं पान परत आणता येतं, आणि त्या बाबतीत ते इथरपॅडच्या पुढे आहे. पण तिथे बदल गठ्ठ्यानं दिसतात, आणि जुने टप्पे कधी कधी एकमेकांत मिसळले जातात. इथरपॅड प्रत्येक बदल सुटा सुटा साठवतं. काय लिहिलं एवढंच बघायचं असेल तर फरक पडत नाही. कसं लिहिलं ते बघायचं असेल तर बराच पडतो.

याचा इतिहासही थोडक्यात सांगायला हवा, कारण निवड करताना तो कामाला येतो. २००८ मध्ये हे सुरू झालं आणि २००९ च्या डिसेंबरात गूगलनं ती कंपनीच विकत घेतली. मूळ सेवा बंद होणार म्हटल्यावर वापरणाऱ्यांनी ओरड केली, आणि त्याच महिन्यात सगळा कोड खुला झाला. म्हणून दुकान गेलं तरी माल राहिला. आज तो कुणीही आपल्या मशीनवर फुकट बसवू शकतो. याउलट गूगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फळा. तो कंपनीनं बंद केला. त्याच्यावर धडे बांधून ठेवलेल्या शिक्षकांना ३१ डिसेंबर २०२४ आधी सगळं उचलून दुसरीकडे न्यावं लागलं.

आता दोष. तक्ते, चित्रं यांच्या नावानं जवळपास बोंब. प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे छोटे प्रोग्राम, बसवून थोडंफार भागतं. वर्डची फाइल सरळ आत घेता येत नाही, त्यासाठी सर्व्हरवर, म्हणजे इथरपॅड बसवलेल्या मशीनवर, लिब्रेऑफिस हा वर्डसारखा फुकट प्रोग्राम जोडावा लागतो. लिंक ज्याच्या हाती तो राजा. आमच्या एका पठ्ठ्यानं सगळं सिलेक्ट करून डिलीट दाबलं आणि "सर, आपोआप गेलं" म्हणून हात वर केले. टाइमस्लायडरमध्ये मागे जाऊन मजकूर उचलता आला, पण तेवढ्या वेळात वर्गाचा बाजार झाला होता. गप्पांच्या खिडकीत तर पहिल्या दिवशी 'डब्यात काय हाय' याच्यापलीकडे चर्चा गेली नाही. ती खिडकी सेटिंगमधून बंद करता येते. करा.

आणि चाळीस पोरं एका पॅडवर कधीच बसवू नका. रंग एकमेकांत मिसळतात, ओळी वरखाली उड्या मारतात, कुणालाच काही वाचता येत नाही. पाच-पाच जणांचे आठ पॅड करा. तुमच्याकडे अकरा मशीन आहेत, म्हणजे एका वेळी दोन गट आणि चार पाळ्या कराव्या लागतील, एवढंच.

इंटरनेट नसेल तर

गडहिंग्लजसाठी माझं मत इथे पक्कं होतं. गूगल डॉक्स ऑफलाइन चालतं, पण तेव्हा जो तो आपल्यापुरतं लिहितो आणि नेट आल्यावर जुळणी होते. एकत्र बसून लिहिण्यातली गंमतच जाते. इथरपॅडला बाहेरच्या इंटरनेटची गरजच नाही. लॅबमधल्या बऱ्यातल्या बऱ्या मशीनवर नोडजेएस (इथरपॅड ज्याच्यावर चालतं तो प्रोग्राम) आणि इथरपॅड एकदा बसवायचं, साधा वायफाय राउटर लावायचा, आणि बाकीच्या मशीनवर ब्राउझरमध्ये त्या मशीनचा पत्ता आणि पुढे ९००१ हा पोर्टचा नंबर टाकायचा. पोरांचं लिखाण लॅबच्या भिंतीबाहेर जात नाही. बसवताना मात्र नेट लागतं, तेव्हा ते काम आधी उरकून ठेवा. वीज गेली तर सर्व्हर लॅपटॉपवर हवा आणि राउटर इन्व्हर्टरवर. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

दोघांनी एकाच क्षणी लिहिलं तर गोंधळ कसा होत नाही, हा प्रश्न पोरं हमखास विचारतात. मी अंबाबाईच्या रांगेचं उदाहरण देतो. तुमचा नंबर दहावा आहे आणि पुढे तिसऱ्या जागी एक जण घुसला, तर तुम्ही न हलता अकरावे होता. 'दहाव्या जागचं अक्षर खोड' असा तुमचा निरोप सर्व्हरपर्यंत पोचेस्तोवर पुढे एक अक्षर वाढलं असेल, तर सर्व्हर त्या निरोपातला दहा बदलून अकरा करतो. गूगल डॉक्स आणि इथरपॅड या जातीचे. या युक्तीचा पाया १९८९ मध्ये घातला गेला. दुसरी, नंतरची जात रांगेतला नंबर बघतच नाही. प्रत्येक अक्षराला आधार नंबरासारखा कायमचा नंबर देते. अलीकडची बरीच साधनं या दुसऱ्या जातीची आहेत. वर्गात काय फरक पडतो? खरं सांगायचं तर काहीच नाही.

क्रिप्टपॅड, वर्ड आणि बाकीचे

क्रिप्टपॅड फ्रान्समधलं. तुमचा मजकूर तुमच्याच ब्राउझरमध्ये कुलूपबंद होऊन जातो, त्यामुळे सर्व्हर चालवणाऱ्यालाही तो वाचता येत नाही. किल्ली लिंकमध्येच, हॅशच्या चिन्हाच्या पुढे असते. हे ऐकायला भारी वाटतं, पण नीट समजून घ्या: खातं नसेल आणि लिंक हरवली तर पान गेलं, कुणाच्या पाया पडून परत मिळत नाही. त्यांच्या मुख्य संकेतस्थळावर बिनखात्याची पानं ९० दिवस कुणी उघडली नाहीत तर पुसलीही जातात. हस्तलिखितासाठी हे नको. पण एखाद्या पोराच्या घरच्या अडचणीबद्दल दोन शिक्षकांनी मिळून टिपण करायचं असेल, तर मी तिथेच करतो.

ब्राउझरमधलं वर्ड मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर फुकट मिळतं, पाच जीबी जागेसह. मुख्याध्यापकांना वर्डचीच फाइल लागते आणि ऑफिसातल्या बाईंचा हात त्यावरच बसलेला, अशी शाळा असेल तर ते घ्या आणि वाद मिटवा. मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या साधनातल्या विकीत एक जण लिहीत असला की तेवढा भाग बाकीच्यांना बंद असतो, म्हणजे आपल्या कामाचा नाही. विद्यापीठात प्रबंध लिहिणाऱ्यांनी ओव्हरलीफ हे लाटेक या अक्षरजुळणीच्या पद्धतीवर चालणारं साधन बघावं. मराठीसाठी त्यात झेलाटेक हा लाटेकचा प्रकार निवडायला लागतो, नाहीतर जोडाक्षरांची वाट लागते.

मराठीचं काय

याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून जरा थांबतो. आपलं 'क्ष' दिसतं एक, पण आत तीन तुकडे असतात: क, हलन्त, ष. बॅकस्पेस दाबली की शेवटचा तुकडा जातो, डिलीट दाबली की सहसा अख्खं अक्षर. एकटं लिहिताना हे खपून जातं. पण दोघं एकाच शब्दात शिरले की एकाचा काना दुसऱ्याच्या वेलांटीला जाऊन भिडतो. इथरपॅडमध्ये व्यंजन एकाच्या रंगात आणि मात्रा दुसऱ्याच्या रंगात असली, तर काही ब्राउझरमध्ये मात्रा सुटून गोल ठिपक्यांवर लटकते. मजकूर बिघडलेला नसतो. रंग पुसले की ठीक दिसतो. आम्ही वर्गात नियमच केला: दुसऱ्याच्या शब्दात घुसायचं नाही, पटत नसेल तर अख्खा शब्द नवा लिहायचा.

मग 'ऱ्य'. 'बंधाऱ्यावर' हा शब्द निम्मी पोरं 'बंधार्यावर' असा उमटवतात, कारण साधा र आणि हलन्त टाकला की रफार होतो. त्यासाठी नुक्ता असलेला ऱ वेगळा टाकावा लागतो. फळ्यावर कळ कुठली ते लिहून ठेवा.

आणि शेवटी छापखाना. ही सगळी साधनं युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात चालतात, तर आपल्याकडचे बरेच डीटीपीवाले अजून पेजमेकर आणि श्रीलिपीच्या जुन्या, वेगळ्या संकेताच्या फॉन्टवर. मजकूर तिकडे जाताना कन्व्हर्टरमधून जातो आणि नेमके रफार, ऱ्य आणि अवतरणचिन्हं मार खातात. आमच्या एका अंकात शीर्षकातलाच रफार उडाला आणि तो प्रकाशनाच्या दिवशी पाहुण्यांच्या लक्षात आला. तेव्हापासून मी छापखान्यात आधी एकच पान पाठवतो. त्यात 'बंधाऱ्यावर', 'दुर्मिळ', 'क्षेत्र' आणि 'ज्ञान' हे चार शब्द मुद्दाम घालतो. ते पान धड परत आलं की मग बाकीचा अंक.

मित्राला हे सगळं वाचून दाखवलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते गडहिंग्लजहून एसटीनं येणार आहेत. येताना लॅबमधल्या सगळ्यात जुन्या मशीनवर ब्राउझर कुठला आहे ते लिहून आणा, म्हणालोय. अडलं तर तिथेच अडेल.