जुना लाकडी सोटा कुठला ते सांगणारी सर्व्हिस, पैसा वसूल!

ऑकलंडमधल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात हे तपासून मिळतं. आमचा सोटा आफ्रिकेतला झुलू नॉबकेरी (झुलू लोकांचा गोल डोक्याचा सोटा) म्हणून विकत घेतलेला, पण तिथल्या बाईंनी भिंग लावून मुठीवरची बारीक झिगझॅग नक्षी दाखवली, मग डोक्यावरचे फुगवटे, आणि सांगितलं की हा फिजीचा उला, फेकून मारायचा, योद्धे कमरेला खोचून फिरायचे, कधीकधी दोन दोन. डोकं गोल गुळगुळीत असेल तर उला द्रिसिया, फुगवटे असतील तर उला तावातावा. डोकं मुळाच्या गाठीतून कोरलेलं म्हणून एवढं जड! पॉलिश अजिबात मारू नका हेही बजावलं, फार महत्त्वाचं आहे हे. लेखी रिपोर्टचे वेगळे पैसे घेतात, ते पटलं नाही. तरी नक्की जा.