मागच्या बंपरच्या पाइपात सिमेंट-वाळू: ट्रकवाल्यांनो, एकदा वाचा

ट्रकच्या मागे, फाळक्याखाली जो आडवा लोखंडी बंपर असतो, तो मागून येणाऱ्याच्या जिवासाठी असतो. रात्री एखादी कार उभ्या ट्रकवर मागून आदळली आणि हा बंपर नसला किंवा कमजोर असला, तर तिचं बॉनेट सरळ हौद्याखाली घुसतं आणि हौद्याची कडा आत बसलेल्यांच्या तोंडासमोर येते. मोटरसायकलवाल्याचं तर विचारूच नका. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडं उसाचा हंगाम लागला, की अशा बातम्या वरचेवर वाचायला मिळतात. हे आधीच सांगतोय, कारण ज्या मिस्त्रीनं मला फसवलं त्याच्या मते त्यानं फक्त माझे काही हजार रुपये मारले. माझ्या मते त्यानं माझ्या गाडीमागून येणाऱ्या प्रत्येकाला फसवलं, आणि म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझा स्वतःचा सहाचाकी ट्रक आहे, चालवतोही मीच. मार्केट यार्डातून गूळ भरून वाशीला नेणं हे मुख्य काम. येताना जे भाडं मिळेल ते. गेल्या वर्षी एका साइटवर गाडी उभी असताना मागं येणाऱ्या जेसीबीनं माझा कंपनीचा बंपर पार वाकवला. पासिंग तोंडावर आलं होतं. गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेस दरवर्षी करावा लागतो, आणि मागचा बंपर नसेल तर गाडी पास होत नाही. कंपनीचा पार्ट मागवला तर वेळ लागेल असं डीलरनं सांगितलं. ओळखीतल्या एकानं शहराबाहेरच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचं नाव सुचवलं. कोल्हापूरच्या माणसाला लोखंडाच्या कामासाठी लांब जायची सवय नाही. इथल्या फौंड्रीत आणि उद्यमनगरात काय ताकदीची माणसं आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. त्या सगळ्यांची इज्जत असली माणसं घालवतात, याचा मला जास्त राग आहे.

मिस्त्री बोलायला गोड. "मालक, आमच्याकडं मंजूर डिझाइन हाय, टॅग लावून देतो, पासिंगला एक शब्द कोण बोलणार न्हाई." या बंपरसाठी आयएस १४८१२ हे मानक आहे, २००५ सालचं. त्यात आडव्या तुळईची उंची किमान १०० मिलिमीटर, जमिनीपासून खालची कडा रिकाम्या गाडीला ५५० मिलिमीटरपेक्षा वर नको, लांबी मागच्या ॲक्सलच्या रुंदीपेक्षा जास्त नको आणि प्रत्येक बाजूला १०० मिलिमीटरपेक्षा जास्त आखूड नको, अशी मापं आहेत. पण मापापेक्षा महत्त्वाची आहे ती ताकद. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत अशा बंपरवर ठरलेल्या ठिकाणी हजारो किलोंचा जोर लावून तो किती वाकतो ते बघतात, मगच मंजुरी. मिस्त्रीला हे सगळं तोंडपाठ होतं. त्यामुळंच त्याच्यावर विश्वास बसला.

काय काय ठरलं ते मी व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं होतं: १०० बाय १०० चा चौकोनी पाइप, जाडी ५ मिलिमीटर, चॅसीला जोडायच्या ब्रॅकेटची प्लेट १० मिलिमीटर, बोल्ट ८.८ ग्रेडचे, चॅसीवर वेल्डिंग अजिबात नाही, जोड पूर्ण वेल्डिंगचे, भाव किलोवर, मजुरी आणि रंगासकट. त्यानं उत्तरात अंगठा पाठवला. पाइपचा तुकडा दाखवला, त्याची जाडी मी स्वतः पट्टीनं मोजली, बरोबर पाच. बंपर तयार झाल्यावर बसवायच्या आधी माझ्यासमोर काट्यावर ठेवला. सव्वादोन मीटरला जरा कमी अशा त्या पाइपचं वजन जेवढं यायला हवं तेवढंच आलं. हातोडीनं टोकांवर ठोकून दाखवलं, आवाज भरीव. अजून गिऱ्हाइकानं काय बघावं?

पासिंग झालं. तिथं बंपर आहे का, उंची बरोबर आहे का, मागं लाल रिफ्लेक्टर टेप आहे का, हे बघतात. पाइप आतून कोण कापून बघणार?

नंतर वाशीच्या मार्केटात माल उतरवायला गाडी मागं घेत होतो. चालत्या माणसाच्या वेगापेक्षाही हळू. बंपरचा मधला भाग धक्क्याच्या कडेला टेकला. टेकलाच म्हणायचा. कंपनीच्या बंपरला असं झालं असतं तर रंग निघाला असता, बाकी काही नाही. हा पाइप तेलाचा डबा चेपावा तसा आत गेला आणि डाव्या ब्रॅकेटचा जोड तोंड उघडून मोकळा झाला. जोडावरचा रंग आणि त्याखाली भरलेली लांबी, म्हणजे पुट्टी, खपल्यांनी खाली पडली. गोणी घेऊन चाललेला एक माथाडी थांबला आणि म्हणाला, "मालक, हे लोखंड हाय का पत्रा?"

परत आल्यावर ओळखीच्या लेथवाल्या काकांकडं तो बंपर उतरवून कापला. मधे ग्राइंडर चालवला आणि व्हर्नियर (जाडी अचूक मोजायचं साधन) लावला, तर जाडी २ मिलिमीटर. मग वजन कसं बरोबर आलं? टोकांच्या प्लेटा उघडल्या तेव्हा कळलं. दोन्ही टोकांना आत हात-हातभर सिमेंट-वाळूचा कोबा ओतून वर प्लेट मारली होती. म्हणून काट्यावर वजन जमलं आणि म्हणूनच टोकांवर ठोकल्यावर आवाज भरीव आला. मधे हातोडी मारू दिली नव्हती, तेव्हा "रंग निघंल" म्हणाला होता.

काकांनी तिथंच खडूनं फरशीवर हिशोब मांडला, तो इथं देतो, कारण तो कुणालाही जमतो. एक चौरस मीटर पत्रा एक मिलिमीटर जाड असेल तर त्याचं वजन ७.८५ किलो. म्हणून लांबी मीटरमध्ये, रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये, तिन्हीचा गुणाकार आणि पुन्हा ७.८५ नं गुणायचं. १०० चा चौकोनी पाइप उलगडला तर ४०० मिलिमीटर रुंदीचा पत्रा होतो. २.२ मीटर लांबीला ५ मिलिमीटर जाडीनं साडेचौतीस किलो येतात, आणि कोपऱ्यांचं वजा जाता बत्तीसच्या आसपास. २ मिलिमीटरचा पाइप असेल तर जेमतेम साडेतेरा. म्हणजे अठरा किलो लोखंडाचे पैसे घेऊन त्यानं अठरा किलो सिमेंट-वाळू दिली. पैशाचा हिशोब एवढाच. ताकदीचा हिशोब वेगळा: कार आदळते ती बहुधा मधल्या भागावर, आणि तिथं तर पोकळ पत्राच होता. कोब्यानं टोकं जड झाली, पाइप मजबूत झाला नाही.

बाकीचंही एकेक निघत गेलं. ब्रॅकेटची प्लेट १० ऐवजी ५ ची. जोडांना सलग वेल्डिंग नाही, नुसते टॅक, म्हणजे वेल्डिंगचे ठिपके, मारलेले, चार बोटांच्या अंतरानं एकेक, आणि मधल्या फटी लांबीनं भरून घासून वर रंग. दिसायला इतकं सफाईदार की खऱ्या वेल्डिंगपेक्षा गुळगुळीत. आता मला वाटतं, नको तितका गुळगुळीत जोड दिसला की तिथंच संशय घ्यावा, कारण खऱ्या वेल्डिंगला खवले असतात. बोल्टांच्या डोक्यावर ८.८ चा आकडा असायला हवा होता, यांची डोकी कोरी. ८.८ च्या बोल्टची ओढ सहन करायची ताकद साध्या ४.६ च्या दुप्पट असते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एका बाजूला भोक जुळलं नाही म्हणून ब्रॅकेट थेट चॅसीला वेल्ड करून वर काळा रंग मारला होता. चॅसीचं पोलाद तापवलं की त्या जागी ते कमजोर होतं, पुढं तिथूनच तडा जातो. गाड्यांच्या कंपन्या याला मनाई करतात ती उगाच नाही. शिवाय हल्लीच्या गाडीवर वेल्डिंग करताना आधी बॅटरीची वायर काढावी लागते, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो. ती तरी काढली होती का, देव जाणे.

टॅगचं सांगायचं राहिलं. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर आयएस १४८१२ असा आकडा ठोकलेला होता. कुणाच्या चाचणीचा, कोणत्या मंजुरीचा, कधीचा, काहीच नाही. आकडे ठोकायचा पंच कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मंजूर बंपर असेल तर चाचणी संस्थेच्या दाखल्याची प्रत मागता येते, आणि ती देणाऱ्याला द्यायला काही अडचण नसते.

कापलेले तुकडे टेम्पोत टाकून मी वर्कशॉपवर गेलो. मिस्त्री आधी हसला. मग म्हणाला, "पासिंग झालं न्हवं? मग कशाला डोस्क्याला ताप करून घेताय?" मी म्हणालो, उद्या कुणी पोरगं मोटरसायकलनं यावर आदळलं तर? तो म्हणाला, "तो त्याचा नशिबाचा भाग." त्या क्षणापर्यंत मी पैसे परत घेऊन विषय मिटवायच्या विचारात होतो. त्यानंतर नाही.

बिल म्हणून त्यानं दिला होता तो लेटरहेडवरचा कागद, वर "अंदाजपत्रक" लिहिलेला, जीएसटी नंबर नाही. वकिलांनी सांगितलं की तरीही हरकत नाही, कारण पैसे यूपीआयनं गेलेत, व्हॉट्सॲपवर मापं लिहिलेली आहेत आणि कापतानाचा व्हिडिओ आहे. ट्रक धंद्याचा म्हणून ग्राहक आयोगात जाता येणार नाही, असं मला दोघा-तिघांनी ऐकवलं होतं. ते चूक आहे. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली आणि स्वतःच वापरलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकाचीच धरली जाते. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करून नोंद केली, मग वकिलांची नोटीस. नोटीस गेल्यावर मिस्त्रीचा फोन आला, फुकटात नवीन करून देतो म्हणाला. त्याच्या हातचा बंपर मला नको आहे. प्रकरण आता जिल्हा आयोगापुढं आहे. गाडीला मी कंपनीचा बंपर बसवून घेतला, महाग पडला, वाटही बघावी लागली, आणि चॅसीचा वेल्डिंग झालेला भाग तपासून घ्यायला वेगळा खर्च आला.

ज्यांना नाइलाजानं बाहेर काम करून घ्यावं लागतं त्यांना माझं सांगणं आहे. पाइप कापला जातो तेव्हा तिथं हजर राहा आणि उघड्या टोकाला व्हर्नियर लावा. नमुन्याच्या तुकड्यावर जाऊ नका, तो नमुना आपल्या गाडीला लागत नाही. टोकाच्या प्लेटा आपल्यासमोर बंद होऊ देत. वजन करायचं ते प्लेटा मारायच्या आधी. रंग लावायच्या आधी सगळे जोड बघा, फोटो काढा, आणि लांबीचा डबा जवळपास दिसला तर काम थांबवा. मापं बिलावर लिहून घ्या, अंदाजपत्रकावर नाही.

त्याच मिस्त्रीनं मला पुढच्या बाजूलाही जाड पाइपांचं गार्ड लावायचा आग्रह केला होता. ट्रकचं राहू द्या, पण घरच्या जीप-कारला असलं काही कुणी सुचवलं तरी नको. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच सगळ्या राज्यांना असल्या गार्डवर कारवाई करायला कळवलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध जाणारा तो बदल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बनवणारा मोकळा राहतो, पावती आपल्या नावानं फाटते. पायी चालणाऱ्याला त्या पाइपांचा जो मार बसतो तो वेगळाच.

माझ्या आधी आणि नंतर त्या वर्कशॉपमधून किती गाड्यांचे बंपर बाहेर पडले असतील, या विचारानं झोप लागत नाही. यार्डात भेटेल त्या प्रत्येकाला मी विचारतो. दोघांनी आपापल्या गाडीचा बंपर मधोमध ठोकून बघितला, त्यातल्या एकाचा आवाज टोकाला वेगळा आणि मधे वेगळा आला. त्यानं तो त्याच दिवशी उतरवला. तुमच्या गाडीचा बंपर बाहेर कुठंही केलेला असेल तर आज गाडी उभी केल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातोडी मारत जा. आवाज कुठं बदलला तर तिथं ड्रिलनं बारीक भोक पाडा, आत तार घालून जाडी बघा, आणि पाच मिलिमीटरचा ठरलेला पाइप दोनचा निघाला तर बंपर बदलल्याशिवाय गाडी रात्रीच्या रस्त्यावर नेऊ नका.