ब्रेक मस्त लागतो, पण पॅडची किरकिर डोक्याला ताप

स्विफ्टच्या पुढच्या चाकांना हे ऑनलाइन मागवलेले पॅड घरीच बसवले, ब्रेक एकदम कडक लागतो पण सिग्नलजवळ स्लो होताना सुरुवातीला असं कुंईऽऽ करायचे की रिक्षावाले वळून बघायचे. बॉक्समध्ये शिम (आवाज कमी करायला पॅडच्या पाठीला लावायच्या पातळ पट्ट्या) नाहीत, ग्रीसची पुडी पण नाही, या किमतीत एवढं तर द्या राव! मग जुन्या शिम साफ करून लावल्या, पॅडच्या पाठीला आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिनांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस (पॅडच्या तोंडाला किंवा डिस्कला चुकूनही नको हां), मग रिकाम्या रोडवर ६० वरून १० पर्यंत हळूहळू ब्रेक मारत पॅड बसू दिले, मधे थंड होऊ दिले. आता फक्त सकाळी जरा कुरकुरतात. घासल्यासारखा खरखर आवाज आला तर मात्र चाक खोलून बघाच. तीन स्टार.